छत्रीच्या बदल्यात आलेला कंद

लोणावळ्यात राहून, पावसाळ्याच्या तोंडावर, मी नवीकोरी छत्री देऊन एक कंद घेतला.

तो मला एका साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्यानं दिला. म्हणाला, "भाऊ, शिंगापूरचं झाड हाय. लय नाजूक. मडमेबिगर कुणाला फुलवता यायचं न्हाई." मडमेला जमतं ते रेल्वेच्या मालधक्क्यावरच्या कारकुनाला का जमू नये, एवढ्या एका विचारापायी छत्री गेली. त्या पावसाळ्यात कंदाला एकच पान आलं, तेही छत्रीसारखं. मी भिजत उभा राहून त्याचं कौतुक करी.

दिवाळीत पान गळालं. मग मी कंद चुलीशेजारी कोरड्या राखेत निजवला (गंगूला, म्हणजे माझ्या बहिणीला, तेव्हा ताप होता, तिची चौकशी मी दिवसातून एकदा करी, कंदाची चारदा). चैत्रात त्याला शेणखताच्या कुंडीत लावलं, आणि ज्येष्ठात त्यातून जांभळट कोंब वर आला.

गंगूचं लग्न तेव्हा चार दिवसांवर आलं होतं. आमच्याच अडचणींनी ते दोनदा पुढे गेलेलं. तळेगावच्या व्याह्यांनी बजावलं होतं, "आता तिथी हुकली, तर आम्ही दुसरी मुलगी बघू."

मी ठरवलं, या कोंबाचं फूल भर मांडवात व्याह्यांपुढे उघडायचं. तोवर कुणाची दृष्ट नको, म्हणून माजघराच्या कोपऱ्यात कुंडीवर मोठी टोपली पालथी घातली आणि वर घोंगडी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई नाकाला पदर लावून म्हणाली, "घरात उंदीर पडलाय."

ते प्लेगचे दिवस. उंदीर पडला की माणसं ताटावरून उठून गाव सोडत. काकांनी फडताळं ओढली, माळा उपसला. उंदीर मिळेना. शेजारचे बापू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "सापडत नाही म्हणजे एक नाही, पुष्कळ असणार."

मला वास आला नाही. माझं नाक तपकिरीनं दहा वर्षांपूर्वीच कामातून गेलं होतं.

दुपारपर्यंत आमची अख्खी आळी भुशीच्या वाटेवरच्या माळावर झोपड्या बांधायला लागली. लोकांनी देव उचलले, पोरं उचलली. मी घोंगडीसकट टोपली आणि कुंडी उचलली.

"ते काय घेतलंस?" आईनं विचारलं.

"गंगूच्या लग्नातलं आहे."

"एवढं तरी सुचलं तुला," आई म्हणाली. तिनं माझं केलेलं हे शेवटचं कौतुक.

संध्याकाळी वास आमच्या झोपडीत हजर झाला. आईच्या मते घरच्यापेक्षा सवाई. बापूंनी मुकाट्यानं आपली झोपडी पन्नास पावलं लांब नेली, मग बाकीच्यांनीही नेली. सकाळी आम्ही माळाच्या मधोमध एकटे, आणि भोवती रिंगण करून सारी आळी आमच्याकडे बघत बसलेली.

"रोग आपल्या मागं लागलाय," काका पगडी चढवत म्हणाले. "मी दुपारच्या गाडीनं तळेगावला जातो. लग्न होत नाही म्हणून सांगतो." गंगू तोंड फिरवून रडायला लागली. मी तिला धीर दिला, "रडू नकोस, तुझ्यासाठी मी एक गंमत आणलीय." तिनं आणखी मोठ्यानं गळा काढला.

तेवढ्यात औंढ्याची धोंडी ठाकरीण जांभळं विकायला आली. साऱ्या माळावर आमच्या दारात येणारी ती एकटीच. तिनं पाटी उतरवली, दोनदा हुंगलं, सरळ आत गेली आणि टोपली उचलली. आतून आधी माशांचा ढग निघाला, मग माझं फूल दिसलं.

"शेवळं फुलवलंय व्हय कुणी?" ती म्हणाली. "फुलल्यावर ह्ये मेल्या उंदरावानीच घाण मारतं. आमी कोवळं हाय तवाच भाजी करून खातो."

"हे शिंगापूरचं आहे," मी म्हणालो.

"आमच्या डोंगरावर पायाखाली येतंय. कितीला घेतलं?"

"छत्री दिली."

धोंडीनं माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. काकांनी पगडी उतरवली. गंगूनं डोळे पुसून कुंडीला अशी लाथ घातली, की सासरी ती कशी नांदेल याची मला काळजीच वाटली.

आईला अजून धास्ती होती. "धोंडे, लग्न परवावर आलंय. घरात हा वास राहायचा किती दिवस?"

"झाडाचा व्हय?" धोंडी पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "त्यो उद्यापतूर जाईल. भाऊंच्या येडेपणाचं म्या न्हाई सांगू शकत."