दोन टप्प्यांचा अर्ज

मेंदूच्या वॉर्डातल्या हेड सिस्टरना सगळे पेशंट 'हवालदार' म्हणतात. पाठीमागे, अर्थातच. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज असा की वॉर्डाच्या दोन्ही टोकांचे नातेवाईक एकदम उठून उभे राहतात. सव्वीस वर्षं त्या याच वॉर्डात आहेत. मध्ये एकदा बढती आली होती: स्वतंत्र खोली, मोठी खुर्ची. "तिथं पेशंटच नाहीत, मी रागवायचं कोणावर?" म्हणून त्यांनी ती नाकारली. नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. "त्यांचं बरंय," मला म्हणाल्या, "पार्ट मिळाला नाही की गिऱ्हाईकाला उद्या या म्हणतात."

रोज सकाळी त्या प्रत्येक पेशंटला डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगतात. माझ्या एकोणीस वर्षांच्या लेकीचं बोट पहिल्या दिवशी गालावर गेलं. "नाक जागेवरच आहे गं, तूच वाट चुकलीस," सिस्टर म्हणाल्या. लेक खुदकन हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

तिच्या उजव्या कानामागे, मेंदूच्या देठाला लागून गाठ होती. श्वास आणि गिळणं सांभाळणाऱ्या नसा अगदी शेजारी. ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं; बाहेर करायचं तर राहतं घर विकूनही पुरलं नसतं. योजनेच्या निधीत आठवड्याला अशी दोनच ऑपरेशनं बसतात. आमचा नंबर लागायला सात आठवडे गेले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर नातेवाईकाला समोर बसवून पेशंटचा एकेक कागद मोठ्याने वाचतात. नियमात हे कुठेही नाही, त्यांची आपली पद्धत. योजनेच्या अर्जावरचं नाव वाचलं, वय वाचलं, बाजू उजवी, आणि थांबल्या.

"'एकाच शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण काढणे.' ताई, सरांनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"गाठ देठाला फार चिकटली असेल तर मध्येच थांबू, उरलेली नंतर काढू."

"मग ते इथं का नाही?"

कारण आमचे सर्जन. हाताला यश असलेला माणूस, पण अर्जावर 'अपूर्ण' लिहिणं त्यांच्या जिवावर येतं. आणि योजनेचा नियम असा की दोन टप्पे आधीच लिहिले तर दोन्हींना एकदम मंजुरी. नाही लिहिले तर दुसऱ्या ऑपरेशनला नवा अर्ज, नवी रांग. मागच्या वर्षी एका सुताराची उरलेली गाठ त्या रांगेत पाच महिने वाढत राहिली होती.

हे सिस्टरांकडून ऐकूनही मी म्हणाले, "सिस्टर, राहू द्या ना. अर्ज बदलण्यात उद्याचा नंबर गेला तर?"

"नंबर मी बघते. तुम्ही लेकीपाशी बसा."

मी कसली बसते! त्यांच्या मागोमाग गेले. थिएटरच्या दाराशी सर्जन टोपी काढत होते.

"सर, इथं दोन टप्पे लिहा."

"सिस्टर, मी पूर्ण काढणार आहे."

"काढा की! नको कोण म्हणतंय?"

"मग? माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे, सर. गाठीवर नाही."

सर्जननी एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पेन मागितलं.

योजनेच्या खोलीला कारकून कुलूप लावत होते. "पाच वाजले, सिस्टर."

"तुमचं घड्याळ सकाळी मागं असतं आणि संध्याकाळी पुढं. उघडा."

कुलूप उघडलं. अर्ज पुन्हा भरला, मंजुरी देणाऱ्या डॉक्टरांना सिस्टरांनीच फोन लावला. पावणेसातला नवी मंजुरी हातात आली आणि नंबरही राहिला.

दुसऱ्या दिवशी नऊ तासांनी सर्जन बाहेर आले. "दोन तृतीयांश निघाली. उरलेली घट्ट चिकटलीय. आज ओढली असती तर तिचं गिळणं गेलं असतं. थांबलो." मग सिस्टरांकडे न बघता म्हणाले, "दुसरी तारीख आहेच."

ती उद्या आहे, सकाळी आठला. सहा आठवड्यांत लेक स्वतःच्या हाताने जेवायला लागलीय. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, चालताना भिंतीचा आधार लागतो, पण मला उलट उत्तरं देण्यात काही कसर नाही.

संध्याकाळी मी सिस्टरना विचारलं, "निघेल ना हो सगळी?"

"ते आत्ता सरांनाही माहीत नाही. पण थिएटरचं टेबल मिळालंय, रक्ताच्या पिशव्या आल्यात, आणि सरांना मी चारलाच घरी पिटाळलंय, झोपा म्हणून. तुम्हीही झोपा."

झोप काही येत नाही. आईच आहे मी. पण आज मला भीती आहे ती फक्त गाठीची.