फळच तर आहे

माझा थोरला भाऊ, दादा, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होता. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक खुर्ची, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. गिऱ्हाईक घाईत असलं की हा मुद्दाम सावकाश चिमटा पुसत बसायचा, असा तिरसट. पण केसाहून बारीक स्प्रिंग एका दमात बसवायचा. आपल्या हाताचा त्याला माज होता, आणि मला त्या माजाचा अभिमान होता.

पन्नाशीत त्याला साखरेचा आजार लागला. गोळ्या तो वेळेवर घ्यायचा. माझं मात्र गोळ्यांवर समाधान होईना. कुठेतरी वाचलं, कुणीतरी सांगितलं, आणि मी जांभळाच्या बियांच्या भुकटीच्या कॅप्सूल त्याच्या हातात ठेवल्या. तो कां-कूं करायला लागला.

"अरे, फळच तर आहे," मी म्हणालो. "औषध थोडंच आहे?"

सकाळी दोन, संध्याकाळी दोन, हे प्रमाणही मीच ठरवलं. डॉक्टरकीची हौस फुकटात भागली माझी.

पहिल्या महिन्यात साखर उतरली तेव्हा मी स्वतःशीच मिरवलो. मग त्याचा हात थरथरू लागला. दुपारी दरदरून घाम यायचा, चिमट्यातून स्क्रू निसटायचा. एका बाईंच्या वडिलांच्या घड्याळाची स्प्रिंग त्याच्या हातून तुटली. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, त्यांनी विचारलं. दादा नाही म्हणाला. शेजारच्या खुर्चीतून मीही मान हलवली. आपण खोटं बोलतोय असं दोघांनाही वाटलं नाही. फळाला औषध कोण म्हणतं? सकाळची तपासणी चांगली आली होती. वयाचा कंप असेल, पुढं बघू, असं डॉक्टर म्हणाले.

दादानं तेवढंच ऐकलं. तिसऱ्या दिवशी भिंग, चिमटे, सगळी हत्यारं ओळखीच्या एका कारागिराला देऊन टाकली आणि जिन्याखालची जागा सोडली. वहिनी रडली. मी तिची समजूत घातली, आणि कॅप्सूलची बाटली संपत आली होती म्हणून दादाला नवी आणून दिली.

पंधरवड्यानं जेवायच्या आधी तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. दवाखान्यात मोजली तर साखर अगदी तळाला गेलेली. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्यानं डोळे उघडले. वहिनीनं घरून आणलेल्या पिशवीत गोळ्यांबरोबर ती बाटलीही होती. डॉक्टरीणबाईंनी ती उचलली. म्हणाल्या, या बियांनी साखर थोडी उतरते असं काही अभ्यासांत दिसलंय, पण खात्री देण्याइतका पुरावा नाही. गोळ्यांच्या जोडीला घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते. शिवाय कॅप्सूलमध्ये नेमकं किती काय आहे, ते बाटलीवर लिहिलेलंच नाही. हात थरथरायचा तोही बहुतेक यामुळेच.

"हे यांना कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच आणलं," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही हात पुढं धरले. एकही बोट थरथरत नव्हतं. मग हळूच म्हणाला, "तू दिलंस हे तुझ्या वहिनीला सांगू नकोस."

मी अजून सांगितलेलं नाही. घरी गेलो की ती चहा देते आणि म्हणते, "ह्यांना नाही नाही ते खायची सवय. तुम्ही तरी लक्ष ठेवायचंत, भावोजी."