मामींच्या परसातली गांडुळं

अख्ख्या परभणी जिल्ह्यात रानाला आमच्या थोरल्या मामांइतकं पोटभर जेवू घालणारा माणूस झाला नसेल. बोरीला त्यांचं काळ्याभोर मातीचं रान. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणताना पोळी वाढावी, तशा मायेनं मामा कपाशीला युरिया वाढायचे. बांधापलीकडच्या शेजाऱ्यानं दोन पोती टाकली की मामांची तीन ठरलेली. त्याची कपाशी जास्त हिरवी दिसली तर त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. रिकाम्या पोत्यांचा त्यांनी न्हाणीला पडदा केला, पिशव्या शिवल्या. माझ्या लग्नातला आहेरसुद्धा तसल्याच पिशवीतून आला होता.

फक्त घरामागच्या परसात त्यांचं काही चालत नसे. तिथं मामी मेथी-वांगी लावायच्या आणि राख-शेणखताशिवाय काही पडू द्यायच्या नाहीत. एकदा त्या पालमला माहेरी गेल्याचं साधून मामांनी ओल्या मेथीवर चांगला चार मुठी युरिया फेकला. परत येऊन बायकोनं थक्क व्हावं, एवढीच भाबडी इच्छा. मामी थक्क झाल्याच, कारण वाफा करपून गेला होता. आठ दिवस त्या बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "रानात काय करायचं ते करा. हितं दाणा टाकायचा न्हाई. माझी माती जित्ती हाय." हे मामा गावभर हसून सांगायचे.

पुढं पोती वाढत गेली नि पीक मात्र होतं तेवढंच राहिलं. टाचेखाली भुसभुशीत लागणारी माती दगडासारखी ढेकळं धरू लागली. नांगरामागं किडे टिपत चालणारे बगळे येईनासे झाले. मामी वारल्या त्या वर्षी मामांनी सगळं रान उकरून पाहिलं, एक गांडूळ सापडलं नाही.

तेव्हापासून त्यांनी हे नवीन वेड घेतलं आहे. मामी ज्या डब्यात रानात भाकरी आणायच्या, त्याच डब्यात परसातली गांडुळं ओल्या मातीसकट भरायची आणि रानाच्या एका कोपऱ्यात नेऊन सोडायची. त्या कोपऱ्याला आता फक्त शेणखत मिळतं. पहिल्या उन्हाळ्यात सगळी मेली, तेव्हा मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा डबा घेऊन निघाले. गाव हसतं. मलाही हसू यायचं, खोटं कशाला सांगू.

गेल्या भादव्यात गेलो, तर चहासुद्धा न विचारता त्यांनी मला रानात नेलं. खुरप्यानं हलकेच माती सारली. आत दोऱ्याएवढी बारीक पिल्लं वळवळत होती.

"ही म्या आणलेली न्हाईत," मामा म्हणाले. "हितंच झालीत."

त्यांनी माती परत नीट लोटली, डबा उचलला आणि लगबगीनं घराची वाट धरली. चार पावलं गेले असतील, मध्येच थांबले. बराच वेळ डब्याकडे बघत राहिले.

"तिला सांगावं म्हणून निघालो बघ," ते म्हणाले.