फक्कीसाहेबांची तिरकी भिंत

फोन जरा कानाशी धर, शहाणे, अन् नीट ऐक. आर्किटेक्टच्या कॉलेजात दोन वर्षं काय काढलीस, थेट आजीच्या स्वयंपाकघराची तिरकी भिंत सरळ करायला निघालीस! नकाशा पाठवलास, पण ती तिरकी कावून हाय, हे विचारलंस का?

ती भिंत फक्कीसाहेबांची. या माणसाच्या चपला कायम पांढऱ्या. मोठमोठ्या शहरांचे आराखडे करायचे, पण मूळचे उमापूरकडचे. कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं खऱ्या मापाचं घर आखायचे आणि आम्हा बायांना म्हणायचे, "आता राहून दाखवा." मग आम्ही नसलेल्या दारातून आत जायचो, नसलेल्या चुलीवर भाकरी थापायचो. एकदा तुझे आजोबा रेघ ओलांडून आले, तर साहेब ओरडले, "अहो, भिंत हाय तिथं! डोकं फुटंल!"

आपली घरबांधणी सोसायटी झाली ती ऐन दुष्काळात. साहेबांनी गल्ल्या सरळसोट आखल्या होत्या. मी कमरेवर घागर घेऊन उभी. सहज बोलून गेले, "साहेब, टँकर आत येईल, पण वळंल कुठं?"

चेअरमन हसले. "वहिनी, घरं होईस्तोवर नळ येतोय की!"

साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पालीहून टँकरच घेऊन आले. ड्रायव्हरनं गल्लीच्या टोकाला गाडी वळवली अन् मागचं चाक माझ्या स्वयंपाकघराचा कोपरा पुसून गेलं. सगळे खो खो हसले. आजोबा तेवढे तडकले, "कावून तोंड उघडलंस?" मीही फुगले. माझ्या ओट्याचीच जागा गेली ना!

साहेब जवळ आले. "बाई, चूक माझी अन् कोपरा तुमचा जातोय. तुमी न्हाई म्हणा, मी सरळ रेघ मारतो."

मागं रिकाम्या घागरींची रांग होती. मी त्यांच्या हातातली फक्की घेतली आणि तिरकी रेघ मीच मारली.

नळ आला तोवर तुझा बाप कॉलेजात गेला होता. साहेब बीडला आले की चहाला यायचे, त्याच भिंतीला पाठ टेकून बसायचे. म्हणायचे, "एवढी एकच रेघ माझी न्हाई, अन् तीच लई बरोबर हाय." गेल्या वर्षी ते गेले. पेपरात मोठ्या इमारतींची नावं आली, आपल्या गल्लीचं काही नव्हतं.

तर पोरी, घर पुढं तुझंच आहे, भिंत खुशाल सरळ कर. पण आधी इथं ये, फक्की मी आणून ठेवते. रेघ तू मार. नळ कोरडा हाय, टँकर सध्या एक दिवसाआड येतोय. येत्या रविवारी त्याचा दिवस, तेव्हाच ये.