पडद्यामागनं बघितलेला नाताळचा पिच्चर

मंडळी, आज लई आनंद झालाय, म्हणून लगेच लिवते.

लहानपणी चर्चच्या पटांगणात नाताळला दरवर्षी एकच पिच्चर दावायचे. म्हातारा बर्फातनं फिरत घरोघरी दिवा लावतो, तो. मी आन माझी मैत्रीण मार्था भाजक्या शेंगा खात बघायचो. मार्थाला आता चालवत न्हाय, गगनबावड्याला लेकाकडं असती. तिला एकदा दावायचा म्हणून किती शोधला, घावंना.

आज नात मोबाईलवर शोधता शोधता ओरडली, "आज्जी, मिळाला!"

मी बघितला आन मन खट्टू झालं. "ह्यो न्हवं गं. आमचा म्हातारा डाव्या हातानं दिवा लावायचा."

"तू इसरलीस की!"

"इसरीन कशी? आम्ही त्याची नक्कल करायचो, डाव्या हातानंच!"

मग ध्यानात आलं. पुढं मोठी माणसं बसायची, म्हणून आम्ही पोरी पडद्यामागं बसायचो. तिकडनं सगळं उलटं दिसायचं!

भिंतीवरचा आरसा काढला, त्याच्यापुढं मोबाईल धरला. व्हय की, त्योच आमचा म्हातारा!

उद्या आरसा पिशवीत घालून मार्थाकडं निघालेय. शेंगा भाजून झाल्यात.

तुमच्यात कुणी बसलंय का वो पडद्यामागं?