जावक क्रमांक चौदा

आमच्या इमारतीत माझ्या नावावर एक बंड जमा आहे. त्यापायी लोक अजून मला चहा पाजतात आणि मी तो निमूट पितो. ते बंड सुरू कसं झालं हे मात्र मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. खरं सांगितलं तर चहा बंद होईल. झाला तर होऊ दे, लिहून टाकतो.

निवृत्त होऊन दोन महिने झाले होते. सदतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. येणाऱ्या कागदाला आवक क्रमांक, जाणाऱ्या कागदाला जावक क्रमांक, दोन्हींची रजिस्टरात नोंद, एवढंच काम. पण ते मी इतक्या कडकपणे केलं की साहेब घरी जायला निघाले तरी माझा हात शिक्क्याकडे जायचा. निवृत्तीनंतर जुन्या सहकाऱ्यांनी टुमणं लावलं की आम्ही सगळे त्या सोशल साइटवर असतो, तूही ये. मग एका सकाळी मनवेलपाड्यातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात, खिडकीशी खुर्ची ओढून मी खातं उघडायला बसलो.

फॉर्म भरण्यात मला कोण हरवणार? नाव, जन्मतारीख, सगळं बिनचूक. फोटो मागितला तेव्हा जुन्या ओळखपत्रावरच्या फोटोचाच फोटो काढून चढवला. त्यात माझ्या डाव्या कानावर अर्धा गोल शिक्का आहे. म्हटलं बरंच झालं, साक्षांकित प्रत आहे.

मग त्या साइटनं मला विचारलं, "तुमच्या मनात काय आहे?"

सदतीस वर्षांच्या नोकरीत आणि चौतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. रकाना दिला आहे म्हणजे तो भरायचा, नाहीतर अर्ज परत येतो, ही माझी समजूत. आणि अर्जात लिहिलेलं अर्जदार आणि कचेरी यांच्यातच राहतं, ही दुसरी. तेव्हा मी लिहिलं, "जा. क्र. १. मनात विशेष काही नाही. माहितीसाठी सविनय सादर." खाली पूर्ण नाव. एका जुन्या वहीत रकाने आखून नोंदही केली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुन्हा तोच प्रश्न. म्हणजे हे रोज भरायचं विवरणपत्र होतं. मी भरू लागलो. जा. क्र. ४ मध्ये डाव्या गुडघ्याची हकिकत होती. जा. क्र. ९ मध्ये, "आज पुन्हा दुधीची भाजी. नाइलाजास्तव खाल्ली." प्रत्येक विवरणाखाली थोड्या वेळानं एक अंगठा उमटायचा. तो यायचा झेंडूच्या फुलाचा फोटो असलेल्या कुठल्याशा खात्याकडून. मी त्याला पोच समजलो. तिकडच्या आवक टेबलावर कुणीतरी नेमकं माणूस बसलंय याचं समाधान वाटलं. फक्त दुधीच्या विवरणाची पोच आली नाही. म्हटलं, रजेवर असेल.

आता गच्चीचं सांगतो, कारण सगळं घडलं ते गच्चीपायी. आमच्या सोसायटीच्या चेअरमननी गच्चीला कुलूप ठोकलं होतं. जिन्यात नोटीस लावली की वाळवण घातल्यानं वॉटरप्रूफिंग खराब होतं, सबब गच्ची बंद. आमच्याकडे कोकणातली, घाटावरची, अशी सगळी खाणारी माणसं. उन्हाळ्यात पापड, कुरडया, मिरच्या वाळवायच्या, अर्नाळ्याच्या कोळणींकडून घेतलेल्या सुक्या बोंबलांना पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवायचं, हे कुठे करणार? बायको खिडकीच्या ग्रिलवर पापड घालायची आणि कबुतरं त्यावर चालून जायची. जिन्यात भेटलं की जो तो चेअरमनच्या नावानं बोटं मोडायचा. चेअरमन समोर आले की तोच विचारायचा, काय म्हणता साहेब, बरं आहे ना? त्यात मी पहिला.

एकदा टाकी भरून वाहायला लागली. चेअरमन वसईला गेले होते. दुसरी चावी सेक्रेटरींकडे असते, त्यांनी ती मला दिली, कारण माझाच मजला वरचा. कॉक बंद करायला गच्चीत गेलो, आणि पाहतो तर दोरीवर चेअरमनचे बनियन, पट्ट्यापट्ट्यांची लुंगी, आणि खाली जुन्या चादरीवर अंथरलेले सुके बोंबील. शेजारी कावळ्यांना हाकायला काठी आणि बसायला खुर्ची. मी फोटो काढला. खाली आलो तर साइट विचारतच होती, मनात काय आहे. खरं ते लिहिलं.

"जा. क्र. १४. मनात असे आहे की, सभासदांच्या पापडांनी वॉटरप्रूफिंग खराब होते, तर चेअरमन यांचे दोन बनियन, एक लुंगी व अंदाजे शंभर बोंबील यांनी ते होत नाही काय? खुलासा व्हावा. सोबत : फोटो एक."

मोबाइल खाली ठेवायच्या आत झेंडूची पोच आली. एवढी तत्परता मी सरकारात पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साइटनं आमच्या इमारतीतली माणसं एकेक करून दाखवायला सुरुवात केली. तुम्ही यांना ओळखत असाल, मैत्रीसाठी विचारा. ओळखतो म्हणजे काय? लग्नाच्या पत्रिका वाटताना एक दार चुकलं तर जन्मभर ऐकावं लागतं. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत एकही घर सोडलं नाही. चेअरमनना वगळणं शिष्टाचारात बसेना. त्यांना तर सगळ्यांच्या आधी विचारलं. दहा मिनिटांत त्यांनी स्वीकारलं.

दुपारी बेल वाजली. चेअरमन दारात उभे होते, त्यांच्या हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये माझा अर्ज.

"काका, हे काय टाकलंय तुम्ही?"

माझ्या मनात पहिला विचार आला की कचेरीतून कागद फुटला. मग त्यांनी बोटानं वरखाली करून दाखवलं. माझा गुडघा, माझा दुधी, सगळं तिथे होतं. तळमजल्यावरच्या चक्कीवाल्याचा अंगठा गुडघ्याखाली उमटलेला होता. पंधरा दिवस मी बंद पाकीट समजून जे लिहीत होतो ते नोटीस बोर्डावर लागत होतं, आणि वाचायला माणसं मीच घरोघर जाऊन बोलावली होती.

"काढून टाका. आत्ता."

मलाही तेच हवं होतं, अगदी मनापासून. पण काढतात कसं हे मला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नाही हे त्यांच्यापुढे कबूल करायचं नव्हतं. तोंडातून सवयीचं वाक्य गेलं.

"जावक झालेला कागद परत घेता येत नाही."

हे वाक्य मी टेबलापलीकडच्या अर्ध्या जिल्ह्याला ऐकवलं असेल, पण ते ऐकून कुणी मागे सरलेलं पहिल्यांदाच पाहिलं. चेअरमन जिना उतरले. मी दार लावलं आणि संध्याकाळपर्यंत तो कागद परत घ्यायच्या खटपटीला लागलो. दिसेल ते दाबलं. परिणाम एवढाच की माझ्या साक्षांकित फोटोच्या जागी आमच्या छतावरच्या पंख्याचा फोटो लागला.

तोवर वाक्य इमारतभर झालं होतं. चक्कीवाल्यानं मला थांबवून सांगितलं की असा खमक्या माणूस सोसायटीत आजवर नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी घरात बोलावून चहा दिला. मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

तरी प्रकरण शांत व्हावं म्हणून मी एक प्रयत्न केला. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं की लुंगीच्या आड आणखी एक बनियन आहे. चूक माझी होती आणि चूक झाली की शुद्धिपत्रक काढायचं असतं. "जा. क्र. १५. जा. क्र. १४ मधील 'दोन बनियन' याऐवजी 'तीन बनियन' असे वाचावे. गैरसोयीबद्दल दिलगिरी." दिलगिरी वाचून चेअरमन निवळतील असं मला वाटलं होतं. झालं भलतंच. त्याखाली बोरिवलीपर्यंतच्या अनोळखी माणसांचे अंगठे उमटले.

पुढच्या रविवारी चेअरमन पुन्हा आले. या वेळी आवाज मऊ होता आणि हातात नवी कोरी चावी.

"काकूंचे पापड किती दिवस कबुतरांच्या पायाखाली घालणार? ही गच्चीची चावी, तुमच्या घरासाठी. कुणाला सांगायचं नाही. तेवढं ते काढून टाका."

त्यांना बसायला सांगून मी स्वयंपाकघरात गेलो. कबूल करतो, मी चावी घ्यायच्याच विचारात होतो. तत्त्व वगैरे चहापुरतं ठीक असतं. बायको पापडाचं पीठ तिंबत होती. तिला चावीचं सांगितलं आणि तेवढ्या दमात हेही सांगून टाकलं की आपण बंडबिंड काही केलेलं नाही, ते काढायचं कसं तेच आपल्याला येत नाही.

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि फडताळावरून स्वतःचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. त्यावर झेंडूचं फूल होतं.

"दोन वर्षं झाली मला तिथे," ती म्हणाली. "वर उजवीकडे तीन ठिपके असतात, ते दाबायचे. दुधीचं मी नंतर बघते."

मी खुर्ची शोधली. ज्याला मी तिकडचा आवक कारकून समजत होतो तो माझ्याच घरात पीठ तिंबत होता. बसून विचारलं, मग चावी घ्यायची का?

"अहो, माझे पापड मी काय चोरासारखे वाळवू? शेजारणी खाली बघत बसणार आणि मी वर? त्यापेक्षा कबुतरांनाच घालते सगळे."

बाहेर आलो. चेअरमन समोर बसले होते. मी मोबाइल काढला आणि तीन ठिपके दाबले. आयुष्यात पहिल्यांदा जावक झालेला कागद परत घेणं माझ्या हातात होतं. यादीत 'हटवा' असा शब्द होता. त्याच्या जरा वर आणखी एक ओळ होती, 'सर्वांत वर ठेवा'. चेअरमन माझ्या बोटाकडे पाहत होते. मी वरची ओळ दाबली.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या मोबाइलमध्ये पाहिलं. गुडघ्याच्या, दुधीच्या, पंख्याच्याही वर, सगळ्यांत पहिला, जावक क्रमांक चौदा. मी टेबलावर ठेवलेली चावी त्यांच्यापुढे सरकवली आणि म्हणालो की इमारतीत घरं आहेत तेवढ्या हिच्या प्रती काढा, मग घेतो. या खेपेला वाक्य सवयीचं नव्हतं. माझं होतं.

ते चावी घेऊन गेले. कुलूप अजून तिथेच आहे. त्या आठवड्यात बायकोनं खाली आवारात, चेअरमनची गाडी उभी राहते त्या जागेवर, जुनं लुगडं अंथरून पापड घातले. तासाभरात शिक्षिकाबाईंच्या मिरच्या आल्या, चक्कीवाल्याच्या घरच्या कुरडया आल्या, आणि सुक्या बोंबलांनी तर पार गेटपर्यंत जागा धरली. चेअरमनची गाडी चार दिवस रस्त्यावर होती. कावळे हाकायला मी खुर्ची टाकून बसलो, हातात काठी.

दुपारी जेवायला वर गेलो. ताटात दुधी. जेवून वही उघडली, नोंद केली आणि मोबाइलवर लिहिलं, "जा. क्र. १६. दुधीची भाजी. मागून घेतली." स्वयंपाकघरातून ताबडतोब पोच आली.

मग काठी घेऊन पुन्हा खाली जाऊन बसलो.