परदेशातल्या बायांचं सोंग

इंजिन चालू, पट्टे गरगर फिरतायत, आणि एक बाई रेच्यात कापूस टाकत नाही. सगळ्या जमिनीवर मांड्या घालून बसलेल्या. म्यानेजरसाहेब ओरडतायत, "झालं गं! संपलं! उठा, रेचे भरा!" कुणी हलेना. गोरा साहेब खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतोय. आणि सगळ्यांच्या पुढं मी उभी, कडेवर माझी बनी, ती भोंगा पसरून रडतेय. मला वाटलं, गेलं माझं काम, आज संध्याकाळी मी फाटकाबाहेर.

आधी जिन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर कळायचं नाही. जिन म्हणजे कापसाचा कारखाना. आमची जळगावात, स्टेशनाच्या अंगाला. आत लांब ओळीनं रेचे. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचं यंत्र. आम्ही बाया ओळीनं उभ्या राहून त्याला कापूस भरवतो. बनीला भरवते तसंच, फक्त बनीचं पोट कधीतरी भरतं, रेच्याचं भरत नाही. धूळ अशी उडते की शेजारणीचं तोंड दिसत नाही. पोरं तिथंच, ढिगाच्या कडेला निजलेली. बनी सारखी खोकायची. तिला बाहेर ठेवावं तर ऊन, आत ठेवावं तर धूळ. आणि काम सोडावं तर खायचं काय?

तर लढाई चालू होती. कुठल्याशा बर्फाच्या देशात म्हणे बाया कारखान्यातच बसून राहिल्या, जुलमी राजाचं काम करणार नाही म्हणाल्या. तो राजा आपल्या सरकारचा दुश्मन. म्हणून सरकारला त्या बायांचं फार कौतुक. मोठा गोरा साहेब त्यांच्यासाठी गावोगाव सभा घेत होता. म्यानेजरला वाटलं, आपल्या जिनमध्ये साहेब आला की त्या बायांचा देखावाच करून दाखवू, साहेब खूश होईल.

मी तिसरीपर्यंत शिकलेली, म्हणून पुढारीण मी. म्यानेजरनं मला चार वाक्यं पाठ करायला दिली.

"साहेब, मला भीती वाटते."

"कशाची? तू तिथल्या राजाला बोलायचंस."

"पण बाजारात टोपीवाले मास्तर असंच बोलले, तर त्यांना पोलिसांनी नेलं."

"ते इथलं बोलले गं. तू तिथलं बोल!"

मला फरक नीट कळला नाही, पण मान हलवली.

साहेब आला. म्यानेजरनं हात वर केला, सगळ्या खाली बसल्या. मी डोळे मिटून एका दमात म्हटलं, "राजा, तू जुलमी आहेस! आम्ही तुझं काम करणार नाही! आमचं मागणं मान्य कर!" चौथं वाक्य म्हणायच्या आत साहेब उठून उभाच राहिला. "शाबाश! त्या बाई लोग फार शूर आहे! आमची सरकार त्यांच्या पाठीशी आहे!" डोळ्यांत पाणी बरं का त्याच्या.

इथंच संपायचं होतं. पण आमच्याकडं जत्रेत सोंग घेतलं की त्याची एक रीत असते. सोंगानं काहीतरी मागायचं, यजमानानं हो म्हणायचं आणि नारळ फोडायचा. तोवर सोंग उतरवायचं नाही, उतरवलं तर घरात आजार येतो. म्यानेजर मुंबईचे. त्यांना हे कोण सांगणार?

ते परत "उठा" म्हणून ओरडले, तशी धुरपाक्का बोलली. ती धुळ्याकडची, सगळ्यांत जुनी रेचेवाली. "ओ भाऊ, नारय कोठे शे?"

"कसला नारळ?"

"सोंग शे नं? नारय फुटस नई तवलोंग सोंग उतरस नई."

"अगं हा देखावा आहे, देवाचं सोंग नाही!"

"मंग बसाडं कसाले?" मग बसवलंत कशाला, असं म्हणून अक्का आणखी ऐसपैस बसली.

साहेबाला वाटलं, खेळ अजून चाललाय. तो पुढं वाकला. "बोला, बाई. ह्या बाई लोगला काय पाहिजे?"

चौथं वाक्य ह्याचंच उत्तर होतं. पार्लमेंट पाहिजे का काय तरी. मला आठवेना. बनीला खोकल्याची उबळ आली, ती लालेलाल झाली, आणि माझ्या तोंडातनं निघून गेलं, "पोरांना निजायला धुळीबाहेर एक छप्पर पाहिजे. आणि पाण्याचा माठ."

"एवढंच?" साहेब खवळला. "एवढं पण देत नाही? लाज नाही त्या राजाला! सगळ्यांना ऐकू दे, नाव काय त्याचं?"

आता मी काय सांगू? मला त्या देशाचंच नाव येत नव्हतं. मी नाव घेतलं नाही, बनीची शपथ. मी फक्त म्यानेजरकडं बघितलं. मग अक्कानं बघितलं. मग सगळ्या बायांनी बघितलं.

साहेबाचा आवाज एकदम उतरला. "हे... इथलं आहे?"

साहेबानं घड्याळ काढलं. "इथल्या कामात आमची सरकार हात घालत नाही. आणि लढाईच्या दिवसांत काम बंद करणं गुन्हा आहे, म्यानेजर. काम चालू करा."

"करतो साहेब! उठा गं!"

"नारय," अक्का म्हणाली.

शेवटी नाना मुकादम इंजिनाकडं पळाले. दसऱ्याला टांगलेला नारळ तिथं होता, तेलानं माखून काळा झालेला. म्यानेजरला घाम फुटलेला. "छप्पर देतो! माठ देतो! झालं?" म्हणत त्यांनी तो दगडावर आपटला. असा वास सुटला की साहेबानं नाकाला रुमालच लावला. आणि बाया उठल्या. एका क्षणात रेच्यांत कापूस पडायला लागला.

छप्पर झालं, पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचं. गळतं, पण धूळ येत नाही. बनीचा खोकला कमी आहे. मला मात्र रेच्यावरनं काढून सरकी झाडायला लावलंय. माझ्याकडनं पुन्हा देखावा नको, असा हुकूम आहे. मला एवढं कळलं, बर्फातल्या बायांना टाळ्या मिळतात, आम्हाला पऱ्हाट्या. पण पोर टाळ्यांखाली निजत नाही.

अक्का म्हणते बरं केलंस. सासू म्हणते गप खाली बघायचं होतं. तुम्हीच सांगा बाई, कडेवर खोकणारी पोर, पुढ्यात साहेब, आणि तो विचारतोय राजाचं नाव, तर तुम्ही कुणाकडं बघितलं असतं?